हाफ-टाईमला कुणाचं ऐकायचं

किशपेश्त ही बुडापेस्टच्या कडेची कामगारवस्ती. १९४८ साली तिथल्या संघाच्या एका सामन्यात हाफ-टाईम झाला, तेव्हा कोच बेला गुटमान पात्यी नावाच्या एका बॅकवर संतापलेला होता. पात्यी आडदांडपणे खेळत होता, समोरच्यांना लाथा बसत होत्या. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. अकरा उतरले की तेच अकरा. तरीही गुटमाननं त्याला सांगितलं, दुसऱ्या हाफला तू उतरायचं नाहीस, संघ दहा जणांनी खेळेल. संघातला सगळ्यांचा लाडका खेळाडू होता एकवीस वर्षांचा फेरेन्त्स पुश्काश. तो पात्यीला म्हणाला, खेळ तू. पात्यी खेळला. गुटमाननं वाद घातला नाही. तो स्टँडमध्ये जाऊन बसला, घोड्यांच्या शर्यतींचं वर्तमानपत्र उघडून वाचत राहिला, नंतर ट्राम पकडून घरी गेला आणि त्या कामावर पुन्हा गेला नाही.

मी बत्तीस वर्षं कोल्हापुरात शाळेच्या पोरांना फुटबॉल शिकवला. पावसाळ्यात गांधी मैदानात तळं झालं की सराव बंद पडायचा आणि पोरं व्हरांड्यात गोष्टी ऐकायला बसायची. ही गोष्ट मी दरवर्षी सांगायचो आणि दरवर्षी निम्म्याहून जास्त पोरं पुश्काशच्या बाजूनं बोलायची. ‘सर, प्लेअर केवढा मोठा!’ आमच्या पेठांमध्ये फुटबॉल वाढला तो तालमींच्या आधारानं. तालमीच्या हौद्यात वस्तादाचा शब्द शेवटचा. त्याच तालमीचा संघ शाहू स्टेडियमवर उतरला की मात्र कोचच्या कानाशी दहा जण लागतात. अध्यक्ष सांगणार, देणगी देणारा सांगणार, गल्लीतला जुना खेळाडू सांगणार. त्यामुळे ते ट्राममध्ये एकटं बसणं मला फार जवळचं वाटतं.

फुटबॉलचा कोच हा धंदा मुळात जुना नाही. इंग्लंडात क्लब मोठे झाले तेव्हा ‘ट्रेनर’ म्हणजे बादली आणि स्पंज घेऊन धावणारा, पाय चोळून देणारा माणूस. संघ कोणता खेळवायचा ते संचालक ठरवत. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाची निवड तर १९६२ पर्यंत समिती करत होती. चेंडू कसा थांबवावा, मोकळ्या जागेत कधी सरकावं, हे फळ्यावर आणि मैदानावर शिकवणारा मास्तर आधी तयार झाला तो मध्य युरोपात. जिमी होगन हा लँकशरचा खेळाडू १९१४ साली महायुद्ध सुरू झालं तेव्हा विएन्नात अडकला. शत्रूदेशाचा नागरिक म्हणून त्याला धरलं आणि पुढं तो बुडापेस्टच्या एम.टी.के. क्लबाकडे आला. त्यानं तिथल्या पोरांना छोटे पास आणि चेंडूवरची हुकूमत शिकवली. १९१७ ते १९२५ हंगेरीची लीग एम.टी.के.नं एकदाही सोडली नाही. गुटमान सेंटर-हाफ म्हणून घडला तो याच क्लबात. १९२० आणि १९२१ च्या विजेतेपदांत तो होता.

त्याचा जन्म १८९९ चा, बुडापेस्टचा. ज्यू कुटुंब, आई-वडील दोघंही नृत्यशिक्षक. सोळाव्या वर्षी मुलगाही नाच शिकवायला लागला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कुणाच्या तरी पायांना ताल शिकवणं, ‘पुन्हा’ म्हणणं, चुकलेलं पाऊल ओळखणं, हे सगळं त्यानं मैदानावर येण्याआधी घरात पाहिलं होतं.

महायुद्ध हरल्यावर हंगेरीत ज्यूंना मारहाण होऊ लागली. १९२० मध्ये तर विद्यापीठातल्या त्यांच्या संख्येवर कायद्यानंच मर्यादा आली. गुटमान विएन्नाला गेला आणि हाकोआ या क्लबात दाखल झाला. हाकोआ म्हणजे हिब्रूत ‘बळ’. १९०९ साली विएन्नाच्या ज्यूंनी काढलेला हा क्लब कुस्ती, पोहणं, हॉकी, फुटबॉल, सगळं खेळायचा. १९२५ ची ऑस्ट्रियाची लीग या संघानं जिंकली. त्यातला एक प्रसंग ऐकताना आमची पोरं एकमेकांकडे बघत राहायची. निर्णायक सामन्यात गोलकीपर फाबियानचा हात मोडला. बदली नाही. मग दुसरा खेळाडू गोलात उभा राहिला, आणि फाबियान हात झोळीत बांधून पुढच्या फळीत खेळायला गेला. विजयाचा गोल त्यानंच मारला.

पगार, हक्क आणि मान या बाबतीत गुटमान तेव्हापासूनच तिखट. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकला हंगेरीच्या संघाबरोबर खेळाडूंपेक्षा अधिकारीच जास्त गेले होते आणि मुक्कामाच्या हॉटेलात उंदीर फिरत होते. गुटमान आणि सोबत्यांनी उंदीर मारून अधिकाऱ्यांच्या खोल्यांच्या दारांना टांगले, असं सांगतात. हंगेरी इजिप्तकडून ३-० अशी हरली, आणि गुटमानला राष्ट्रीय संघाचे दरवाजे बंद झाले.

१९२६ मध्ये हाकोआ अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर १ मे रोजी ४६ हजार माणसं सामना बघायला आली. ज्यू पोरं इतकी धिप्पाड, इतकी देखणी खेळतात हे बघायला आलेली ती माणसं होती. गुटमान आणि आणखी बरेच जण तिथंच राहिले. न्यूयॉर्क हाकोआबरोबर त्यानं १९२९ चा राष्ट्रीय चषक जिंकला. दारूबंदीच्या काळात एका गुप्त गुत्त्यात त्याची भागीदारी होती, शेअर्समध्येही पैसे होते. त्याच वर्षी वॉल स्ट्रीट कोसळली आणि पैसा गेला. १९३२ ला तो विएन्नाला परतला, आणि पुढच्या वर्षी हाकोआचाच कोच झाला. तिथून हॉलंडमधलं एन्सखेडे, तिथून पुन्हा विएन्ना.

मार्च १९३८ मध्ये हिटलरनं ऑस्ट्रिया गिळली. हाकोआ बरखास्त झाला. गुटमान बुडापेस्टला आला, उयपेश्त संघाचा कोच झाला, आणि पहिल्याच हंगामात लीग जिंकली. १९३९ च्या उन्हाळ्यात मित्रोपा चषकही. मित्रोपा म्हणजे त्या वेळी मध्य युरोपातल्या क्लबांची सर्वांत मोठी स्पर्धा. कोच म्हणून चाळीस वर्षांचा माणूस उभा राहत होता. पण हंगेरीतही ज्यूंविरुद्ध एकामागून एक कायदे येत होते. त्याचं काम गेलं.

यापुढची पाच-सहा वर्षं मला नेहमी सावकाश सांगावीशी वाटतात, कारण बहुतेक लेखक ती दोन ओळींत उरकतात. त्यानं स्वतःच ती उरकली. १९६४ साली त्याच्यावर जे पुस्तक निघालं त्यात युद्धाच्या काळाबद्दल एवढंच आहे, की या विषयावर पुष्कळ पुस्तकं निघाली आहेत, वाचकांना आणखी त्रास कशाला. त्यामुळे कित्येक वर्षं लोक धरून चालले की तो स्वित्झर्लंडसारख्या कुठल्यातरी सुरक्षित देशात गेला असणार.

तो कुठंच गेला नव्हता. मारिआन नावाच्या ख्रिस्ती मुलीशी त्याची ओळख झाली होती, तीच पुढं त्याची बायको झाली. १९४४ च्या वसंतात जर्मन फौजा हंगेरीत शिरल्या, तेव्हा तिच्या भावानं त्याला उयपेश्तमधल्या एका माळ्यावर लपवलं. ज्या उपनगराच्या संघाला त्यानं पाच वर्षांपूर्वी चषक मिळवून दिला, त्याच उपनगरात. त्या उन्हाळ्यात राजधानीच्या आसपासच्या वस्त्यांमधून ज्यूंना गाड्यांत कोंबून आउशवित्झला पाठवलं गेलं. गुटमानचे वडील, बहीण आणि गोतावळ्यातली कितीतरी माणसं मारली गेली. तो स्वतः पुढं वेठबिगारीच्या छावणीत सापडला. हुकूम सोडणं हा ज्याचा धंदा, तो तिथं शिपायांचे हुकूम ऐकत होता. डिसेंबर १९४४ मध्ये तिथून पुढं रवानगी होणार असं कळल्यावर काही जण पळाले. त्यांत गुटमान होता आणि एर्नो एर्बश्टाइन होता. एर्बश्टाइनचं नाव इटलीत आजही आदरानं घेतात. युद्धानंतर तोरिनोचा जो अजिंक्य संघ झाला, त्याचा तो शिल्पकार. ४ मे १९४९ ला सुपेर्गाच्या टेकडीवर विमान आदळून तो अख्खा संघ गेला, त्यात एर्बश्टाइनही गेला. एकाच छावणीतून निसटलेली ही दोन माणसं. एकानं तोरिनो घडवलं, दुसऱ्यानं पुढं लिस्बनचं बेन्फिका.

हे माहीत झाल्यावर मला ती १९४८ ची ट्राम वेगळी दिसायला लागली. त्याआधी तो बुखारेस्टच्या चोकानुल क्लबात कोच होता. दुष्काळाचे दिवस, नोटांना किंमत नाही, म्हणून त्यानं पगार भाजीपाल्यात मागून घेतला होता. तिथं एका संचालकानं कोण खेळणार यात हात घातला, तेव्हाही तो निघून गेला. मग १९४७ ला उयपेश्तबरोबर पुन्हा लीग, आणि मग किशपेश्त. बटाटे आणि कांद्यांवर राबायला तो तयार होता. आपल्या कामात दुसऱ्याची ढवळाढवळ सोसायला तयार नव्हता. ज्यानं राहून काय होतं ते पाहिलंय, त्याला निघायला वेळ लागत नाही.

मग पादोवा, त्रिएस्तिना, अर्जेंटिनातलं किल्मेस, सायप्रस. १९५३ च्या अखेरीस मिलान. लीडहोम, नॉरडाल आणि स्कियाफिनो खेळत असलेला मिलानचा संघ फेब्रुवारी १९५५ मध्ये लीगमध्ये सर्वांत वर होता, आणि तशा वेळी गुटमानला काढून टाकलं. पुढं मिलाननं ती लीग जिंकलीही. त्यानंतर करारात तो एक कलम घालून घेऊ लागला, असं म्हणतात: संघ पहिल्या क्रमांकावर असताना कोचला काढता येणार नाही. हे कलम वाचून लोक हसतात. मला हसू येत नाही. आमच्या शहरात एका मंडळाच्या संघाला मी दोन वर्षं पहाटे सराव दिला. दुसऱ्या वर्षी चषक आला, गुलाल उधळला, ट्रॅक्टरवरून मिरवणूक निघाली. तिसऱ्या हंगामाच्या तोंडावर एक पोरगा निरोप घेऊन दारात आला. उद्यापासून येऊ नका म्हणालेत, त्यांचा दुसरा माणूस ठरलाय. त्या पोराला मीच डाव्या पायानं मारायला शिकवलं होतं. तो मान खाली घालून बोलला आणि सायकलवरून गेला. माझ्याकडे कसलाही कागद नव्हता.

१९५६ च्या अखेरीस हंगेरीत उठाव झाला आणि रशियन रणगाडे आले, तेव्हा होनवेदचा संघ परदेशात होता. होनवेद म्हणजे जुनं किशपेश्तच, लष्करानं ताब्यात घेतलेलं. त्या संघाला घेऊन ब्राझीलच्या दौऱ्यावर जो निघाला तो गुटमानच, आणि संघात पुश्काशही होता. दौरा संपल्यावर गुटमान साओ पाउलोत राहिला आणि १९५७ ची राज्य लीग जिंकली. चार बॅक, दोन मधले, चार पुढचे, ही रचना ब्राझीलला त्यानं दिली असं काही जण लिहितात. तेवढं श्रेय मी त्याला देणार नाही, ब्राझीलमध्ये इतर कोच तो प्रयोग आधीपासून करत होते. पण तिथं त्याच्याबरोबर काम केलेला विसेंते फेओला १९५८ च्या विश्वविजेत्या ब्राझीलचा कोच होता, हेही खरं.

पोर्तुगालला तो १९५८ च्या शेवटी आला, पोर्तोला. मार्च १९५९ मध्ये लीगच्या शेवटच्या दिवशी पोर्तो आणि बेन्फिका यांचे गुण समान होते. पोर्तो ३-० नं जिंकून मैदानावरच थांबले, कारण तिकडे लिस्बनमध्ये बेन्फिकाचा सामना अजून चालूच होता आणि गोल पडत होते. बेन्फिका ७-१ नं जिंकले. एका गोलच्या फरकानं लीग पोर्तोची झाली. काही महिन्यांतच गुटमान बेन्फिकाचा कोच झाला.

बेन्फिकाच्या या संघाबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते पतियाळाला, राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाला गेलो असताना. माझ्या खोलीत गोव्यातल्या वास्कोचा एक गोलकीपर होता. त्याचे वडील रेडिओवर लिस्बनच्या बातम्या ऐकायचे. ३१ मे १९६१ ला बर्नमध्ये बेन्फिकानं बार्सिलोनाला ३-२ नं हरवून युरोपियन चषक जिंकला, तेव्हा त्यांनी शेजाऱ्यांना बोलावून फेणी पाजली. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. २ मे १९६२ ला बेन्फिकानं दुसऱ्यांदा चषक जिंकला, तेव्हा रेडिओवर आकाशवाणी होती, आणि वडिलांना ती बातमी उशिरा, वर्तमानपत्रातून कळली. ते खूश झाले, पण या वेळी शेजाऱ्यांना बोलावलं नाही. माझा मित्र हे कोकणी वळणाच्या मराठीत सांगायचा आणि शेवटी थोडा वेळ गप्प बसायचा.

त्या संघाचा कणा वसाहतींमधूनच आलेला होता. गोलकीपर कोस्टा परेरा आणि मधला आधार मारिओ कोलुना मोझांबिकचे, कप्तान जोझे आगुआश आणि सांताना अंगोलाचे. १९६१ च्या सुरुवातीलाच अंगोलात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं होतं. संघात नंतर आलेला युसेबियोही लोरेन्सो मार्किशचा, म्हणजे आजच्या मापुतोचा. लिस्बनच्या एका न्हाव्याच्या दुकानात बाउएर या जुन्या ब्राझिलियन ओळखीच्यानं गुटमानला त्याचं नाव सांगितलं, अशी कथा आहे. डिसेंबर १९६० मध्ये तो आला, तेव्हा स्पोर्टिंग क्लबानंही त्याच्यावर हक्क सांगितला, आणि बेन्फिकानं त्याला दक्षिणेत अल्गार्व्हच्या हॉटेलात एका बाईच्या नावानं लपवून ठेवलं. माळ्यावर लपलेल्या कोचला लपवलेला पोरगा मिळाला.

आता १९६२ चा तो अॅमस्टरडॅमचा अंतिम सामना बघा. समोर रेआल माद्रिद, आणि त्यांच्याकडून पुश्काश. पहिल्या हाफमध्ये पुश्काशनं एकट्यानं तीन गोल मारले. हाफ-टाईमला बेन्फिका ३-२ नं मागे. चौदा वर्षांपूर्वीचे तेच दोघं, पण दोन वेगळ्या ड्रेसिंग रूममध्ये. या वेळी गुटमानच्या आणि त्याच्या खेळाडूंच्या मध्ये कुणी नव्हतं. रेआल दमलेत, हे त्यानं पोरांना सांगितलं आणि काव्हेमला रेआलच्या दि स्तेफानोच्या मागं लावलं, असं सांगतात. दि स्तेफानोकडून पुश्काशला मिळणारी रसद तुटली. कोलुनानं बरोबरी केली, वीस वर्षांच्या युसेबियोनं दोन मारले, ५-३. सामना संपल्यावर पुश्काशनं आपला शर्ट काढून युसेबियोला दिला. गुटमान आणि पुश्काश त्या रात्री एकमेकांशी काय बोलले, हे मला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त ऐकायला आवडलं असतं.

सलग दोन वर्षं युरोपचा चषक आणल्यावर गुटमाननं जादा मोबदला मागितला. संचालक म्हणाले, करारात नाही. तो निघाला, समुद्र ओलांडून उरुग्वेच्या पेन्यारोलकडे गेला. जाताना शाप दिला म्हणे, की पुढची शंभर वर्षं बेन्फिका युरोपचा विजेता होणार नाही. त्यानंतर १९६३, १९६५, १९६८, १९८३, १९८८, १९९०, २०१३, २०१४ असे आठ युरोपियन अंतिम सामने बेन्फिका हरले, आणि गोष्ट जगभर पसरली. माझे जुने विद्यार्थीही मला ती पाठवतात. आपल्याला शापाच्या गोष्टी लहानपणापासून पाठ असतात, त्यामुळे ही लगेच पटते.

पण १९६५ साली तो परत आला होता, बेन्फिकाचा कोच म्हणूनच, पूर्ण एका हंगामासाठी. शंभर वर्षांचा शाप दिलेला माणूस तिसऱ्या वर्षी त्याच बाकावर येऊन बसतो? मार्च १९६६ मध्ये मँचेस्टर युनायटेडनं लिस्बनला येऊन ५-१ नं हरवलं, जॉर्ज बेस्टनं पहिल्या बारा मिनिटांत दोन गोल मारले. लीगही स्पोर्टिंगकडे गेली. हा त्याचा अपयशी हंगाम शापाच्या गोष्टीत बसत नाही म्हणून कुणी सांगत नाही. त्यानं मागितला होता तो आपल्या कामाचा मोबदला. ते मागणं मोठ्या क्लबाला नाकारता आलं, आणि लोकांनी त्याची भुताटकीची कथा करून टाकली. तिसरं वर्ष कोचला घातक असतं, असं तो मानायचा. खेळाडूंना कोचचे शब्द पाठ होतात, प्रतिस्पर्ध्यांना त्याच्या युक्त्या. हे शाप नाही, धंद्यातलं शहाणपण आहे.

शेवटचा क्लब पुन्हा पोर्तो, १९७३-७४. त्या डिसेंबरात सामना चालू असताना तेराव्या मिनिटाला पावाऊँ हा त्याचा खेळाडू मैदानातच कोसळला आणि दगावला. हंगाम संपल्यावर गुटमाननं शिट्टी कायमची खाली ठेवली. २८ ऑगस्ट १९८१ ला तो विएन्नात गेला.

१९९० चा अंतिम सामना योगायोगानं विएन्नातच होता, बेन्फिका विरुद्ध मिलान, त्याचेच दोन जुने क्लब. सामन्याआधी युसेबियो दफनभूमीत गेला आणि गुटमानच्या थडग्यापाशी उभा राहून त्यानं प्रार्थना केली. वर्तमानपत्रांनी लिहिलं, शाप उठवायला गेला. मला तसं वाटत नाही. ज्यानं आपल्याला घडवलं त्याच्या गावी आलो आणि त्याला न भेटता परत गेलो, असं तालमीतला पोरगाही करत नाही. युसेबियो तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा होता, गुडघ्यांवर कितीतरी शस्त्रक्रिया झालेल्या. तो त्या थडग्यापाशी गेला, थोडा वेळ थांबला, आणि संध्याकाळी सामना बघायला स्टेडियमवर आला.